आक्काचं रडणं, त्यांचं गाणं

ज्या गाण्यावर गेल्या लगीनसराईत आमच्या परभणी जिल्ह्यातली निम्मी वऱ्हाडं नाचली, ते गाणं माझ्या मायच्या मढ्यापुढं रडलेलं आहे. हे मी आधीच सांगून टाकते. नंतर सांगितलं की लोक चुकचुकतात आणि म्हणतात, "पण ताल किती छान आहे हो!" ताल छान आहे. मी कुठं नाही म्हणते?

ज्यानं ते गाणं काढलं तो गायक मोठा आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही, त्याला नावाची काही कमी नाही. आधी तो सिनेमात प्रेमाची गाणी गायचा. मग त्यानं केस वाढवले, डोक्यावर रंगीबेरंगी विणलेली टोपी चढवली आणि रेगेचा अल्बम काढला. रेगे म्हणजे काय ते मला माझ्या शाळेतल्या मुलींनी समजावून सांगितलं. जमैका नावाच्या बेटावरचं संगीत. त्यात गिटार ठेक्यावर न पडता मधल्या रिकाम्या जागेत पडते, खालून एक जाड आवाज संथ चालत राहतो आणि माणूस बसल्या जागी डुलायला लागतो. पुढं मी त्याबद्दल थोडं वाचलं. स्वतःच्या मुलखातून उचलून नेलेल्या, मरेस्तोवर राबवून घेतलेल्या लोकांच्या नातवंडा-पतवंडांनी ते संगीत घडवलं म्हणे. वाचून राग कमी व्हावा तर तो वाढला. त्या लोकांकडून ठेका घ्यायचा, आमच्याकडून रडणं घ्यायचं आणि वर फोटो स्वतःचा छापायचा. अल्बम धो धो चालला. रिक्षात तेच, रसवंतीवर तेच, मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागायच्या तिथंही तेच.

आता रडण्याचं सांगते, म्हणजे मला एवढा राग का येतो ते कळेल.

आमच्याकडं बाई मेलेल्या माणसासाठी नुसती रडत नाही, बोलून रडते. त्याला गळा काढणं म्हणतात. सासरी दिलेली लेक माहेरच्या मयतीला येते ती वेशीपासूनच गळा काढत येते. मग घराघरांतून बाया बाहेर येतात, तिच्या गळ्यात पडतात, तिच्या मागं चालायला लागतात. लेक मेलेल्या माणसाला हाक मारून बोलते. तू मला काय दिलंस, काय द्यायचं राहिलं, तुझ्या हातचं काय खाल्लं, तुला कुणी छळलं, सगळं. त्याला सूर असतो, पण ते गाणं नव्हे. शब्द ठरलेले नसतात, त्या घडीला येतील ते. आणि ज्याच्यासाठी गळा काढला, तो त्याचाच. दुसऱ्या मयतीत तो पुन्हा काढत नाहीत. घरात कुणी गेलेलं नसताना तो सूर तोंडातून काढणं तर अगदीच वंगाळ. लहानपणी खेळता खेळता मी एकदा तशी नक्कल केली, तर मायनं चुलीपुढून हातातली पळीच फेकून मारली होती.

आणखी एक आहे. मढं घरात असेपर्यंत दार उघडं ठेवायचं. लेकीचं रडणं गावाला ऐकू गेलं पाहिजे. लेक रडली नाही तर माणूस मुका गेला म्हणतात, आणि ते बोलणं घरच्यांना कितीतरी वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

आमच्या घरात रडण्याचं काम आक्काकडं होतं. आक्का माझी थोरली बहीण, चुडाव्याजवळच्या एका गावात दिलेली. शेतात राबणारी बाई. एरवी तिच्या तोंडून शब्द निघायचा तर तो ओढून काढावा लागतो. मी मानवतला शाळेत शिकवते, बोलण्याचाच पगार घेते, पण मयतीत माझ्या तोंडून हुंदक्याशिवाय काही निघत नाही. आक्का मात्र तिथं अशी बोलते की ऐकणाऱ्याला मेलेला माणूस समोर चालताना दिसावा. आमचे वडील, अण्णा, यावरून मायला चिडवायचे. "तू आधी जा न्हाई तर मी जातो," म्हणायचे, "पण थोरली माझ्यासाठी तुझ्यापरीस जास्ती रडंल बघ." माय म्हणायची, "बघायला तुमी ऱ्हायलं पायजे की!" असली थट्टा आमच्या घरात चालायची.

माय गेली ती शिमग्याच्या आसपास. शेतातल्या कापसाच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचून झाल्या होत्या, शिवारात कापसाचं बोंड औषधालाही नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमचं गाव पिंगळी स्टेशनापासून चालत जाण्याजोगं. आक्का नेहमी दुपारच्या पॅसेंजरनं पिंगळीला उतरायची आणि उन्हाचं चालत यायची. मायला तिचं पाऊल कळायचं. कडी वाजवायची वेळच कधी आली नाही. आक्का पायरीशी पोचते न पोचते तोच आतून दार उघडायचं आणि तांब्या पुढं यायचा. त्या दिवशीही ती दुपारच्याच गाडीनं आली. वेशीपासून तिचा आवाज यायला लागला. ती घराशी आली, दार सताड उघडं होतं, आत माय निजवलेली दिसत होती, आणि आक्का पायरीवर थांबली. आत येईना. बंद दारापुढं थांबावं तशी थांबली आणि म्हणाली, "पायरीला पाय लागायच्या आत तू कडी काढायची गं माय. आता दार कुनी उघडावं, माय, दार कुनी उघडावं." एवढं म्हणून तिचा श्वास अडकला. दारात बसलेल्या म्हाताऱ्या बायासुद्धा तोंडाला पदर लावून गदगदल्या. अण्णा भिंतीशी बसले होते. त्यांनी मान खाली घातली ती बराच वेळ वर केली नाही.

माझा धाकटा भाऊ तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ काढत होता. त्याला दोष देऊ नका. आमचे मामा ऊसतोडीला कारखान्याकडं गेलेले, टोळी सोडून त्यांना येता येत नव्हतं. बहिणीचं तोंड तरी दिसावं, म्हणून भावानं तो व्हिडिओ काढला. आमच्या भागात आता सगळीकडं असंच करतात. हंगामात निम्मं गाव तोडीला गेलेलं असतं, आणि मरण काही हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडायची वाट बघत नाही. मामांनी तो व्हिडिओ उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीपुढं बसून पाहिला. टोळीतल्या बायांनी पाहिला, त्याही रडल्या, आणि त्यातल्या कुणीतरी आपापल्या घरी पाठवला. इथपर्यंत सगळी माणसंच होती, माणसासारखी वागली. पुढं तो कुणाच्या हाती गेला देव जाणे. कुणीतरी त्यातली माय कापून टाकली, नुसती आक्का ठेवली, वर 'काळजाला हात घालणारा अस्सल ग्रामीण आवाज' असं लिहिलं आणि जगाला वाटून दिला.

मला हे कळलं ते शाळेच्या स्नेहसंमेलनात. पुढच्या वर्षीची गोष्ट. मी पाहुण्यांच्या चहाचं बघत होते. स्टेजवर आठवीच्या मुली आल्या, काष्टा घातलेल्या, कमरेला कापसाच्या ओट्या बांधलेल्या. गाणं सुरू झालं. आधी गिटार, मग तो जाड आवाज, आणि मग आक्का.

कुणी तिची नक्कल केली नव्हती. तिचाच आवाज होता, धुऊनपुसून घेतलेला. वेशीतली कुत्री नव्हती, बायांचा गलका नव्हता. "दार कुनी उघडावं, माय, दार कुनी उघडावं." पाठोपाठ तो मोठा गायक तेच शब्द घोळवून गात होता. आणि तिचा श्वास जिथं अडकला होता, तो तिचा हुंदका, तो त्यांनी बरोबर ठेक्यात बसवला होता. हुंदका आला की ढोल पडायचा आणि मुली कंबर हलवायच्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी स्टेजमागं गेले आणि साऊंडवाल्याची वायर ओढली. मुली भांबावून उभ्या राहिल्या, पालक ओरडायला लागले. मुख्याध्यापक धावत आले, "मॅडम, पोरींनी किती मेहनत घेतलीय!" मी म्हटलं, "सर, ही माझी माय मेलेली आहे." त्यांना काय कळावं? त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि वायर परत लावली. मुली पुन्हा पहिल्यापासून नाचल्या. मुलींचा काहीच दोष नव्हता, हे तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच कुणावर ओरडावं तेही कळेना.

घरी जाऊन मी तो अल्बम सगळा ऐकला. त्या गायकाच्या मुलाखतीही ऐकल्या. एका ठिकाणी तो डोळे मिटून सांगत होता की मराठवाड्यातल्या कापूस वेचणाऱ्या स्त्रियांचं हे श्रमगीत आहे, आणि त्यातलं दार म्हणजे स्वातंत्र्याचं दार. ती कष्टकरी स्त्री जगाला विचारतेय, हे दार कोण उघडणार? समोरची बाई भारावून मान हलवत होती. अहो, ते दार आमच्या घराचं आहे! सागवानी, खालून वाळवी लागलेलं, पावसाळ्यात फुगून अडकणारं! त्यातून माझी माय बाहेर यायची, स्वातंत्र्य नव्हे. आणि कापूस कसला वेचता? बोंड नव्हतं शिवारात. अल्बमच्या चित्रावर मात्र पांढराशुभ्र कापूस फुललेला, आणि गाण्याखाली कवीच्या जागी लिहिलंय 'पारंपरिक'. माझी बहीण जिवंत आहे, चुडाव्याच्या बाजूला रोज सकाळी शेतात जाते, आणि हे म्हणतात पारंपरिक.

मी अल्बम काढणाऱ्या कंपनीला मेल केला. तीनतीनदा केला तेव्हा एका मुलीचा फोन आला. आवाज इतका गोड की मला माझ्याच आवाजाची लाज वाटावी. "मॅम, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," ती म्हणाली. "पण हे लोकसंगीत आहे ना. लोकसंगीत सगळ्यांचं असतं."

"लोकसंगीत नाही बाळ," मी म्हटलं, "रडणं आहे. आमच्या मायसाठीचं आहे."

"हो मॅम, ती वेदनाच तर सरांना भिडली. सर तर म्हणतात, ही वेदना ग्लोबल झाली."

"त्यांच्या घरी कुणी गेलं तर त्याला ठेका लावतील का?"

मग तिनं विचारलं, "तुमची अपेक्षा काय आहे, मॅम?" मी म्हटलं, माझ्या बहिणीचा आवाज त्यातून काढा. त्यांचे शब्द, त्यांची गिटार, त्यांची टोपी त्यांच्याकडं राहू द्या. ती म्हणाली, मॅम, आता ते शक्य नाही, तोच तर लोकांना सगळ्यात जास्त आवडलाय. वर तिनं असंही सुचवलं की सर या भागात आले तर ताईंना स्टेजवर बोलावता येईल. मी फोन ठेवला आणि घासलेली भांडी पुन्हा घासली. राग आला की मी भांडी घासते. त्या वर्षी माझ्या घरातली पातेली आरशासारखी झाली होती.

पण परक्यांनी केलं ते केलं, आपली माणसं काय कमी आहेत? आमच्या गावाला हे कळलं तेव्हा गाव खूश झालं. गावचं नाव झालं म्हणे! सरपंचांनी सत्कार ठरवला. माझ्या भावानं हौसेनं फ्लेक्स छापला, भला मोठा. एका कोपऱ्यात तो गायक, मध्ये आक्काचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा केलेला, खाली हार्दिक अभिनंदन. मी फोनवर भावाला झापलं. तो म्हणाला, "ताई, मायचं नाव निगालं की गं सगळीकडं. त्यात वंगाळ काय?" त्याला खरंच तसं वाटत होतं. आपण काढलेल्या व्हिडिओचं काहीतरी चांगलं झालं असं त्याला वाटायला हवं होतं, हे मला फार उशिरा उमगलं.

आक्कानं ते गाणं तोवर ऐकलं होतं. शेतात असताना शेजारच्या ट्रॅक्टरवर लागलं होतं. ती बांधावर बसली आणि ट्रॅक्टर जाईपर्यंत उठली नाही, एवढंच तिनं मला सांगितलं. सत्काराला ती आली ती भावानं बोलावलं म्हणून. शाळेच्या पटांगणात मांडव घातलेला, पुढं बाया, मागं पुरुष, बाजूला डीजेचा टेम्पो. भाषणं झाली. शाल पांघरली, नारळ हातात दिला. मग सरपंचांनी माईक तिच्या तोंडापुढं धरला आणि म्हणाले, "आक्का, आता दोन वळी हून जाऊ द्या. गाव वाट बघायलंय."

आक्कानं सगळीकडं पाहिलं. आधी बायांकडं, मग मागच्या माणसांकडं. कुणी कमी आहे का, कुणी दिसत नाही का, असं. आणि माईकमधून विचारलं, "कोन मेलंय?"

मांडवात काही लोक हसले. सरपंचही हसले. "तसं न्हाई आक्का. ते गानं वो तुमचं."

"गानं मला येत न्हाई. मी रडले व्हते," आक्का म्हणाली. "कोन मेलंय ते सांगा, मंग रडते."

मग कुणी हसलं नाही. तिनं शाल काढली, नीट घडी केली, खुर्चीवर ठेवली, वर नारळ ठेवला आणि स्टेजवरून उतरून घराकडं चालायला लागली. पुढं बसलेल्या म्हाताऱ्या बाया एकेक करून उठल्या आणि तिच्यामागं निघाल्या. त्यांना कळलं होतं. भावानं त्याच संध्याकाळी फ्लेक्स उतरवला. चांगलं जाड कापड वाया कशाला घालवायचं म्हणून तो कडब्याच्या गंजीवर टाकला, आणि पावसाळाभर तो मोठा गायक आमच्या गोठ्यामागं भिजत राहिला. तेवढं एक मला बरं वाटलं.

खरा घाव त्यानंतर बसला. आक्काच्या गावात तिची चुलत जाऊ वारली, जिवाभावाची. आक्का तिच्यापुढं बसली, गळा काढला, आणि दोन शब्द बोलते तोच समोरच्या दोन तरण्या पोरींनी एकमेकींकडं पाहिलं. एकीची मान हळूच हलायला लागली. तिला कळलंही नसेल. मागून कुणीतरी मोबाईल वर धरला. आक्का शब्द अर्धा टाकून गप्प झाली. लोकांना वाटलं, दुःखानं दातखीळ बसली.

मी तिला भेटायला गेले तेव्हा ती म्हणाली, "तोंड उघडलं की मला त्याचा ढोल ऐकू येतो गं. मी रडायले का त्याच्यासंगं गायले, माझं मलाच कळंना." त्यानंतर ती मयतीला जायची, मागं बसायची, पदर तोंडात धरून. गावातल्या बाया म्हणायला लागल्या, मोठी झाली आता, फुकट कशाला रडंल. हे असं बोलणारी तोंडं कुठल्या कंपनीनं दिली नव्हती, आमचीच होती.

अण्णा तोवर अंथरुणाला खिळले होते. गोठ्यात पाय घसरून खुबा मोडला तो जुळलाच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्यापाशी होते. एका दुपारी गावात वरात निघाली, डीजे लावलेला. लांबून आधी नुसता आक्काचा आवाज आला, ठेका अजून पोचायचा होता. अण्णांनी मान उचलली.

"थोरली आली," ते म्हणाले. "दार उघड, दार उघड. कोन गेलं गं?"

"कुनी न्हाई अण्णा. लगीन हाय."

"लग्नात रडायलीय?"

मग टेम्पो जवळ आला, भांडी थरथरायला लागली, पोरांच्या आरोळ्या, शिट्ट्या. अण्णा ऐकत राहिले. त्यांना सगळं माहीत होतं, भावानं सांगितलं होतं, पण ऐकलं त्यांनी पहिल्यांदाच. वरात गेल्यावर ते म्हणाले, "मायचं हाय ते. तुझ्या मायचं." आणि मग माझ्याकडं न बघता, "तिचं गेलं ते गेलं. माझं तरी माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या म्हनावं."

आयुष्यभर या माणसानं कुणाकडं काही मागितलं नव्हतं. लेकीनं आपल्यासाठी रडावं, आणि ते रडणं आपलंच राहावं, एवढं मागितलं. आणि ते देणं आमच्या हातात राहिलं नव्हतं. मी आक्काला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मला व्हईल का गं?" मला तर पहिल्यापासूनच बोलून रडणं जमत नव्हतं.

अण्णा गेले ते भल्या सकाळी. मी मानवतहून पहिल्या एसटीनं निघाले, परभणीहून गावी पोचले. आक्का यायची होती. गावाला सगळं ठाऊक होतं, आणि त्यामुळं त्या दिवशी मयतीला नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. मी उगाच बोलत नाही. शेजारच्या वस्तीवरची पोरं आली होती, ज्यांचा अण्णांशी काडीचा संबंध नव्हता. हात खिशापाशी होते सगळ्यांचे.

आक्का वेशीतून आली ती गपचूप. बाया दारांत येऊन उभ्या होत्या, गळ्यात पडायला. ती त्यांच्यामधून चालत आली, चप्पल काढली, पायरी चढली आणि भावाला म्हणाली, "भाऊ, समद्यांचे मोबाईल घे."

भाऊ आत गेला आणि भाकरीची मोठी टोपली घेऊन आला. पहिला स्वतःचा मोबाईल टाकला. मग एकेकापुढं जाऊन उभा राहायला लागला. काहींनी दिले, काही मागच्या मागं सटकले. बायांनी कमरेच्या पिशव्यांतून काढून दिले. टोपली भरली तशी ती त्यानं बाहेर ओट्यावर ठेवली. मग आक्कानं बायांना आत घेतलं आणि दार लावलं.

एक म्हातारी म्हणाली, "लेकी, मढं घरात हाय. दार लावत न्हाईत."

"म्हाईत हाय, मामी," आक्का म्हणाली, आणि कडी घातली. ज्या बाईनं 'दार कुनी उघडावं' म्हटलं होतं, तिला ते दार आपल्या हातानं लावावं लागलं. त्या गायकाला कुणी सांगा हे. पुढच्या मुलाखतीत डोळे मिटून सांगता येईल.

आत अंधारलं. आक्का अण्णांच्या उशाशी बसली. तिनं तोंड उघडलं, "अण्णा" एवढाच शब्द निघाला, आणि बाहेर ओट्यावर टोपलीत कुणाचा तरी मोबाईल वाजला. गिटार, तो जाड आवाज, आणि वर आक्का. दार कुनी उघडावं, माय, दार कुनी उघडावं. पुरुष टोपलीत हात घालून शोधायला लागले, पण इतक्या मोबाईलमध्ये कुठला वाजतोय ते सापडेना. वाजत राहिला. आत एकीनंही वर पाहिलं नाही. मला वाटलं, उठावं, ती टोपली उचलावी आणि विहिरीत नेऊन टाकावी. थांबला, आणि परत वाजला.

"वाजू द्या," आक्का म्हणाली. "मायचं हाय."

मग ती खाली वाकली, अण्णांच्या कानाला तोंड लावलं आणि रडली. गावाला ऐकू जाईल असं नाही, बायांनाही ऐकू जाईल असं नाही. बाहेरच्या लोकांना वाटलं, लेक रडलीच नाही. आजही आमच्या भावाला तोंडावर ऐकवतात, तुझा बाप मुका गेला. तो ऐकून घेतो.

अण्णा मुके गेले नाहीत. मी जवळ बसले होते, मला सगळं ऐकू आलं. आक्का त्यांना काय म्हणाली ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. ते मी इथं लिहिणार नाही.